मधली पिशवी की महागडी गोणी? कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचा माझा हिशोब

“पेडिग्री द्या.” “कुठली?” पेट शॉपच्या काउंटरवर हा संवाद इतक्यांदा ऐकलाय की आता हसूही येत नाही. वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसे कुत्र्याचे कोरडे दाणे म्हणजे पेडिग्री. मग पिशवीवर ड्रूल्स लिहिलेलं असो, प्युअरपेट असो, नाहीतर फार्मिना. त्यातली गंमत म्हणजे पेडिग्री आणि डॉक्टरांच्या टेबलाशेजारी दिसणारं रॉयल कॅनिन, दोन्ही आज मार्स या एकाच अमेरिकन कंपनीचे. रॉयल कॅनिन सुरू केलं १९६८ साली फ्रान्समधल्या एका पशुवैद्याने, पण आताचं घराणं एकच. तेव्हा नावावरून प्रत ठरवायचा नाद मी फार लवकर सोडला.

आमची ठमी साडेपाच वर्षांची, बावीस किलोची. आई लॅब्रॅडॉर, वडील आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचे कोणीतरी. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर फिरणं होतं, बाकी दिवस गॅलरीत बसून खालच्या रिक्षांवर लक्ष ठेवणं. खाली जे काही लिहिलंय ते या एका कुत्रीच्या पोटावरून लिहिलंय. तुमचा जर्मन शेफर्ड वेगळं सांगेल, त्याचं ऐका.

घरचं खाणं की दाणे, या वादात मी फार पडत नाही. भाकरी-दूध खाऊन मोठी झालेली कुत्री आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण रोज नीट मोजून, कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ घालून शिजवायला घरात माणूस लागतं, आणि आमच्याकडे आम्ही नवरा-बायको दोघंही अंबडला नोकरीला जातो. शिवाय आपल्या जिल्ह्याची एक अडचण आहे. ज्या दोन पिकांवर नाशिकचं नाव चालतं, कांदा आणि द्राक्ष, ती दोन्ही कुत्र्याला विषारी. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, द्राक्ष-मनुक्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आमच्या स्वयंपाकघरात कांद्याशिवाय फोडणी नाही आणि पिंपळगावहून मनुक्यांचा डबा न चुकता येतो. ताटातलं उरलेलं टाकायची सवय आम्ही त्यामुळेच मोडली.

आता दाण्यांकडे. ढोबळमानाने तीन थर आहेत. खालचा थर मका-गव्हाचा, मधला देशी पण चिकनवाला, वरचा परदेशी, ग्रेन-फ्री म्हणजे धान्य न घातलेला वगैरे. माझ्या पाहण्यात खालच्या आणि वरच्या थरात किलोमागे तिप्पट-चौपटीचा फरक आहे.

खालचा थर आम्ही ठमीला सुरुवातीला सात-आठ महिने दिला. तब्येतीची तक्रार काही नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. शेजारच्या बिल्डिंगमधली पामेरियन तेच खाऊन तेरा वर्षं जगली. पण शी! दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक वेळी पेपरचं अख्खं पान लागायचं. जे पचत नाही ते बाहेर येणारच. दाण्यात लाल-हिरवे रंग कशाला घालतात हेही मला कळलेलं नाही. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक धड दिसत नाही, तो रंग आपल्यासाठी आहे. हा पर्याय मी इथेच बाजूला ठेवतो. खर्च हाच मुख्य मुद्दा असेल तर त्यात लाज वाटायचं कारण नाही. वर एखादं उकडलेलं अंडं द्या, झालं.

खरी निवड वरच्या दोघांत होती.

लेबल वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मी स्वतः तिथे फसलो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे यादीत पहिलं ‘ताजं चिकन’ आणि दुसरा वाटाणा असेल, तर पाणी उडाल्यावर पहिला कोण हे सांगता येत नाही. उलट ‘चिकन मील’ हे आधीच वाळवून दळलेलं असतं, ते ऐकायला गरीब वाटतं पण वजनाला खरं असतं. प्रथिनांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेचा मापदंड प्रौढ कुत्र्यासाठी पाणी वगळून किमान १८ टक्के आहे. मधल्या थरातल्या माझ्या पिशवीवर २४ लिहिलेलं असतं, महागड्या गोणीवर तिशीच्या वर होतं. दोन्ही पास. बावीस किलोच्या, गॅलरीत बसणाऱ्या कुत्रीला त्या वरच्या टक्क्यांचं नेमकं काय करायचं होतं, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.

ग्रेन-फ्रीबद्दलही थोडं. धान्य नाही म्हणजे पिठूळ काही नाही असं नव्हे. धान्य नाही म्हणजे कडधान्य आहे. वाटाणा, मसूर, हरभरा, कधी बटाटा. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा खाण्यावरच्या कुत्र्यांमध्ये हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय फुगण्याच्या आजाराच्या तक्रारी तपासत असल्याचं जाहीर केलं. ठाम कारण सिद्ध झालं नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवं काही शास्त्रीय हाती येईपर्यंत यावर पुढची माहिती देणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणून घाबरण्यासारखं नाही, पण धान्याची ॲलर्जी नसलेल्या कुत्र्यासाठी मुद्दाम जास्त पैसे मोजण्यासारखंही मला काही दिसलं नाही.

तरी आम्ही ते घेतलं. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला फार आवडलं. शी निम्म्यावर आली, घट्ट झाली. केसांना अशी चमक आली की जॉगिंग ट्रॅकवर लोक थांबून विचारायचे, तेल लावता का. दाणेही कमी लागायचे. बायको खूश, मी खूश. त्याच भरात बारा किलोची मोठी गोणी आणली, कारण छोट्या पिशवीत तेच खाणं किलोमागे फार महाग पडतं. तो मार्च संपत आलेला होता.

आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. गोणी गॅलरीलगतच्या कोपऱ्यात, तोंडाला झिप नाही, म्हणून दुमडून कपड्यांचे तीन चिमटे. चौथ्या आठवड्यात ठमीने एक सकाळ वाटी हुंगली आणि दारापाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी दोन-चार दाणे खाल्ले, तेही तोंड बाजूला करून, जसं लहान मूल कारल्याची भाजी खातं. मी म्हटलं, नखरे चढलेत. महागाचं खाऊन माजली. एक दिवस वाटी उचलूनच ठेवली. नंतर डॉक्टरांकडे नेलं. दात बघितले, ताप बघितला, कुत्री ठणठणीत. फी दिली आणि घरी आलो.

त्या आठवड्यात आई आलेली होती. तिचा कुत्र्याच्या खाण्याशी संबंध शून्य, उलट “इतक्या पैशात माणसाचं जेवण होतं” हे तिचं ठरलेलं वाक्य. ती सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमटे हवे होते म्हणून तिने गोणीचे काढले, आणि जागीच थांबली. मूठभर दाणे घेतले, नाकाशी नेले, बोटांनी चोळले.

“अरे, हे खवट झालंय.”

मी वास घेतला. मला नुसता डॉग फूडचा वास आला. तिने आत जाऊन माझ्याच घरातली खोबऱ्याची जुनी वाटी शोधून आणली, एका हातात ती, दुसऱ्या हातात दाणे. “आता घे.” घेतला. तोच वास. मागे थोडासा रंगासारखा, घशात लागणारा. एकदा कळल्यावर मग गोणीजवळून जाताना दुसरं काही येईनाच.

नंतर वाचून डोक्यात उजेड पडला. हे दाणे दाबाखाली शिजवून, वाळवून झाले की वरून चरबी फवारतात. चव आणि वास तिचाच. म्हणजे चरबी दाण्याच्या अंगावर, थेट हवेला. महागड्या खाण्यात ती वीस टक्क्यांच्या आसपास, मधल्यात दहा-बारा. त्यात भारी कंपन्या टिकवण्यासाठी ई जीवनसत्त्वाच्या कुळातली नैसर्गिक द्रव्यं वापरतात, कृत्रिम नाही. तेच तर आपण पैसे देऊन घेतो. पण ती गोणी उघडल्यावर तितकी दमदार राहत नाहीत. चार ते सहा आठवड्यांत संपवा असं जे सांगतात ते थंड, कोरड्या जागेसाठी. आमच्या गॅलरीलगतचा कोपरा थंड नव्हता. ठमीला रोज २८०-२९० ग्रॅम लागत होते, म्हणजे बारा किलो संपायला सहा आठवडे. हिशोबातच चूक होती. गोणी वाईट होती असं मी म्हणणार नाही. ती माझ्या घरासाठी नव्हती, आणि नाशिकच्या उन्हाळ्यासाठी तर नव्हतीच.

उरलेली साडेचार किलो मी फेकून दिली. त्या रात्री किलोमागचा भाव पुन्हा काढला, फेकलेलं धरून आणि डॉक्टरांची फी धरून. तो आकडा घरात अजून कोणाला सांगितलेला नाही.

मग मधला थर. देशी, चिकन मीलवालं, भात-मका थोडा, तीन किलोची पिशवी. रोजचे ३१० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पिशवी नऊ-दहा दिवसांत रिकामी. खवट व्हायला वेळच मिळत नाही. दुकान इंदिरानगरात, ऑफिसहून येताना उचलायची. त्या दुकानात ती खपतेही भराभर, म्हणून बहुतेक वेळा मागच्या दोन-तीन महिन्यांतली उत्पादनाची तारीख मिळते; महागड्या गोण्या मात्र वरच्या फळीवर धूळ खात बसलेल्या मी स्वतः पाहिल्यात, आणि दुकानातही एसी नव्हता.

दोष आहेत. शी मधल्या आकाराची, पेपरचं अर्धं पान. ठमीच्या तोंडाला वास जरा जास्त येतो. पिशवीच्या तळाशी भुगा निघतो, तो ती खात नाही, चाटून ओला करून ठेवते. आणि बायकोचं म्हणणं आहे की केसांची ती चमक गेली. मला तितकं दिसत नाही, पण वाद नको म्हणून एक दिवसाआड उकडलेलं अंडं देतो आणि त्या दिवशी दाणे थोडे कमी. ट्रॅकवर तेलाबद्दल आता कोणी विचारत नाही, हे मात्र खरं.

हेच मधलं खाणं मोठ्या गोणीत घेतलं तर आणखी स्वस्त पडतं. ते मी डिसेंबर-जानेवारीत करतो. निफाडला पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आमची गॅलरीही फ्रीजसारखीच होते. तेव्हा गोणीतले दाणे डब्यात ओतत नाही, गोणीच डब्यात उभी ठेवतो. प्लॅस्टिकच्या भिंतींना चरबीचा थर बसतो आणि नव्या दाण्यांना जुना खवटपणा लागतो. आई हे पिठाच्या डब्याबाबत आयुष्यभर सांगत आलीय: जुन्यात नवं ओतू नये.

घरात दोन मोठी कुत्री असतील, तळमजला असेल, गोणी तीन आठवड्यांत संपत असेल आणि खिशाला झेपत असेल, तर माझं काही ऐकू नका, वरच्या थरातलंच घ्या; पोटाला आणि केसांना ते सरस आहे, हे मी पाहिलंय. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी वेगळंच खाणं लागतं, त्यात कॅल्शियम जास्त झालं तर हाडांचा घोळ होतो. मूत्रपिंड, खाज, ॲलर्जी असेल तर डॉक्टर सांगतील ते. पण एकच मध्यम कुत्रं, फ्लॅट, नोकरी, एप्रिल-मे. अशा घराला मी भीत भीत का होईना, मधली पिशवीच सुचवीन. बदल करताना पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, आठवडाभरात पूर्ण. मी एकदा घाईत एका रात्रीत बदललं होतं. त्यानंतरची सकाळ लिहिण्यासारखी नाही.

पिशवीची तारीख बहुतेकदा तळाच्या शिवणीपाशी छापलेली असते, पुसट. पहिले दोन-तीन महिने दुकानातला मुलगा मला वैतागून बघायचा. हल्ली मी दारात दिसलो की तो पिशवी उलटी करूनच काउंटरवर ठेवतो.