झेनचं स्टेअरिंग चपळ करायला गेलो: आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत, सोलापूरची गड्डा यात्रा चालू होती तेव्हाची गोष्ट. रात्री मोहोळहून सोलापूरला परत येत होतो, पुढं ऊसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, एकदम जवळ गेल्यावर दिसला आणि मी स्टेअरिंग उजवीकडं घेतलं तर गाडी लगेच आलीच नाही. आधी हात गेला, मग गाडी गेली. मधल्या वेळात बायकोनं डॅशबोर्ड घट्ट धरला होता. काही झालं नाही, पण घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच, हे स्टेअरिंग फास्ट करायचं म्हणजे करायचं.

गाडी २००२ ची मारुती सुझुकीची झेन एलएक्स, पॉवर स्टेअरिंग नाही, वडिलांनी नवी घेतलेली, एमएच १३, आता १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. विकायची नाही. झेन कशी पळते ते ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

पहिलं काम केलं ते लहान स्टेअरिंग. कंपनीच्या स्टेअरिंगच्या चाकाचा व्यास मी टेपनं मोजला, ३७ सेंटिमीटर भरला. नवीन घेतलं ३३ चं, २६०० रुपये, वर ते बसवायचं बॉस किट ८००. पहिले पंधरा दिवस मी लई खूष होतो, तेव्हाच लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. सात रस्त्याच्या गर्दीत मनगट हलवलं की गाडी हलल्यासारखी वाटायची, मित्राला मुद्दाम बसवून होटगी रोडला चक्कर मारून आणली.

पण मोजायची सवय असल्यामुळं घोटाळा लक्षात आला. इंजिन बंद, पुढची चाकं सरळ, स्टेअरिंगच्या कडेला चिकटपट्टी लावायची आणि टायर हलायला लागेपर्यंत ती खूण किती सरकते ते बघायचं. हा झाला मोकळा प्ले. जुन्या चाकावर तो ४५ मिलिमीटर होता. सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये ३० पर्यंत चालतो. नव्या चाकावर मोजला तर ४०. मला वाटलं कमी झाला! मग रात्री वहीवर हिशोब केला, ४५ ला ३७ नं भागून ३३ नं गुणलं, उत्तर ४०. म्हणजे प्ले तेवढाच, फक्त चाक लहान म्हणून खूण कमी सरकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजले, तेही जेवढ्यास तेवढे. लहान चाकानं हाताचा प्रवास कमी होतो, पण स्टेअरिंगचा रेशो, म्हणजे स्टेअरिंग किती फिरवल्यावर पुढची चाकं किती वळतात ते, मुख्यतः पिनियन (स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाचं दातेरी चाक) आणि रॅक (ते ज्याला डावी-उजवीकडं सरकवतं तो आडवा दातेरी दांडा) यांच्या दात्यांवर ठरतो, तो काही बदलत नाही. आणि हात जेवढा कमी फिरवायचा तेवढा जोर जास्त लावायचा. पॉवर नसलेल्या गाडीत हा जोर आपल्या खांद्यातनंच जातो.

ते कळलं मार्चमध्ये, नव्या पेठेत गाडी लावताना. बायको रोज हीच गाडी शाळेत नेते, ती म्हणाली, "अहो, तुम्ही रविवारी हायवेला चालवता, मी रोज पार्किंग करते. माझा खांदा गेलाय." तिचं खरं होतं. शिवाय वळून झाल्यावर इंडिकेटर आपोआप बंद व्हायचा तो त्या बॉस किटमुळं बंदच होईना, मागचे लोक गोंधळायचे, एकदा आसरा चौकात एका रिक्षावाल्यानं चांगलंच सुनावलं. ज्यांच्या गाडीत स्टेअरिंगमध्ये एअरबॅग आहे त्यांनी तर असलं चाक बदलायचा विचारही करू नका, माझ्या गाडीत नाही म्हणून मी धजलो.

दरम्यान टायर बदलले. जुन्यांवर नक्षी भरपूर होती म्हणून मी ते चालवत होतो, पण बाजूला चार आकडी तारीख असते ती वाचली, ३११५, म्हणजे २०१५ सालचा ३१ वा आठवडा. सोलापूरच्या उन्हात इतकी वर्षं. रबर नख लागत नाही इतकं कडक झालेलं आणि साइडवॉलला बारीक भेगा. चार टायर १२,२०० ला पडले, मापात कंपनीचेच घेतले, रुंद घ्यायचा मोह झाला होता पण बिनपॉवरच्या गाडीला रुंद टायर म्हणजे पार्किंगला अजून जड. फरक पडला, वळणावर पकड आली. दुसरं म्हणजे मी खड्ड्यात मऊ जावी म्हणून २६ हवा ठेवायचो, ती ३० केली. हवा कमी असली की स्टेअरिंग वळतं, चाकाचं रिम वळतं, पण टायरची बाजू आधी दबते आणि मग रस्त्यावरचा भाग वळतो, तेवढा उशीर होतो. हे फुकटातलं काम आहे, आधी हे करा.

पण मधला तो पोकळपणा तसाच. हायवेला एसटी शेजारनं गेली की गाडी हलायची आणि मी आपला डावी-उजवी करत बसायचो.

एप्रिलमध्ये एका मोठ्या गॅरेजला दिली, नाव घेत नाही. चकाचक जागा, गाडी लिफ्टवर वर घेतली, पोरानं चाकं धरून हलवली, टाय रॉड एन्ड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) ओके, बॉल जॉइंट (चाकाखालचा गोळ्याचा सांधा) ओके म्हणाला. मग सुपरवायझर आला, "सर, रॅक बदला, पूर्ण असेंब्ली, साडेआठ हजार, मजुरी वेगळी." मी म्हटलं नेमकं काय खराब आहे ते दाखवा. ते दाखवलं नाही. संध्याकाळी फोन, ॲडजस्ट करून दिलीय, घेऊन जा, १२०० रुपये. मला न विचारता रॅकचा ॲडजस्टर स्क्रू आवळून ठेवला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रॅकच्या पाठीशी एक प्लंजर आणि स्प्रिंग असते, ती रॅकला पिनियनवर दाबून धरते, तिथं ढिलं असलं तर थोडं आवळता येतं. पण प्रमाणाबाहेर आवळलं की स्टेअरिंग जड होतं आणि वळण घेतल्यावर स्वतःहून सरळ येत नाही. माझं तसंच झालं. विजापूर नाक्याला वळलो, हात सैल सोडले, चाक तिथंच राहिलं आणि गाडी दुभाजकाकडं निघाली. मी ब्रेक मारून थांबवली, पाच मिनिटं तशीच उभी केली, हातपाय थरथरत होते.

परत गेलो तर उत्तर काय, "जुनी गाडी आहे सर, एवढं चालायचंच." जुनी असली म्हणून काय झालं? स्टेअरिंग ही काय काचेची पट्टी आहे का, चालून जाईल म्हणायला? तासभर भांडलो, त्यांच्याच पोराकडनं स्क्रू होता तसा करून घेतला, १२०० मात्र परत मिळाले नाहीत. तो राग अजून आहे.

मे महिन्यात अक्कलकोट रोडला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. लिफ्ट नाही, खड्डा आहे, त्यावर गाडी उभी करायची. चाचांनी मला आत बसवलं, म्हणाले, "इंजिन बंद ठेवा, स्टेअरिंग थोडं थोडं इकडं तिकडं हलवा, मी बघतो." खालनं दोन मिनिटांत हाक आली, "उतरा साहेब, आता मी हलवतो, तुम्ही बघा." मी खड्ड्यात उतरून बघितलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. स्टेअरिंग फिरलं की आधी अख्खा रॅकच आपल्या क्लॅम्पमध्ये बाजूला सरकत होता आणि त्यानंतर चाकं वळत होती. रॅक ज्या दोन रबरात बसतो ती रबरं फुगून मऊ भाकरीसारखी झालेली. इंजिनाच्या मागनं जे ऑइल झिरपत होतं ते वर्षानुवर्षं त्यांच्यावर पडत होतं.

आता हे लिफ्टवर का दिसलं नाही ते महत्त्वाचं आहे. लिफ्टवर चाकं हवेत लोंबतात, वळायला काही जोर लागत नाही, त्यामुळं रॅक जागचा हलतच नाही. गाडी स्वतःच्या वजनावर टायरवर उभी असेल, टायर जमिनीला घट्ट धरून असतील, तेव्हाच तो जोर रबरावर येतो. म्हणून प्ले शोधायचा तर खड्ड्यावर किंवा रॅम्पवर, चाकं टेकलेली असतानाच. हे एक वाक्य मला जानेवारीत कुणी सांगितलं असतं तर.

रबरं १८० रुपयांची. सोबत चाचांच्या सांगण्यावरनं स्टॅबिलायझर बारचे बुश (रबरी आधार) टाकले, २४० चे, कारण झेनमध्ये तो बार नुसता गाडी कलू नये म्हणून नसतो, चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मला पुढं-मागं धरून ठेवायचं कामही तोच करतो, ते बुश गेले की ब्रेक मारताना चाक मागं सरकतं आणि गाडी बाजूला जाते. मजुरी ७००. मात्र आधी ऑइलची गळती बंद करून घेतली, नाहीतर नवी रबरंही तशीच गेली असती. मग अलाइनमेंट ३५०, तिथल्या माणसाला टो, म्हणजे पुढची चाकं वरनं बघितली तर समोरच्या बाजूला आत किंवा बाहेर किती वळलेली असतात ते माप, कंपनीच्या मर्यादेतच पण शून्याच्या जवळ ठेवायला सांगितला. टो आत जास्त असला की गाडी सरळ धावते पण वळायला आळस करते, बाहेर काढला तर वळते झटकन पण टायरची आतली कड खाऊन टाकते.

प्ले मोजला, कंपनीचं चाक परत लावून. १२ मिलिमीटर.

दुसऱ्याच रविवारी आईला घेऊन तुळजापूरला गेलो. घाटात प्रत्येक वळणाला मला जाणवत होतं की हात आणि चाक एकाच वेळी हलतायत. रेशो तोच, फेरे तेवढेच, स्टेअरिंग ३७ चंच, तरी गाडी दुप्पट चपळ वाटते, कारण मधे वाया जात होतं ते बंद झालं. आई मागं झोपून होती, घाट संपल्यावर विचारलं, आलं का तुळजापूर. आधी ती घाटात कधी झोपत नव्हती.

जूनमध्ये एका ओळखीच्यानं सुचवलं की स्टेअरिंग आर्म (टाय रॉड ज्याला ओढून चाक वळवतो तो चाकाकडचा लोखंडी हात) कापून आखूड करून वेल्ड करून देतो, मग खरंच फास्ट होईल. आर्म आखूड झाला की रेशो बदलतो हे बरोबर आहे, पण त्या वेल्डिंगवर माझ्या घरचे चार जीव असणार, मी हात जोडले. रॅलीवाले वेगळ्या दात्यांचे क्विक रॅक लावतात, ते त्यांचं काम. माझी गाडी १५ वर्षं ओलांडलेली, दर ५ वर्षांनी पासिंगला आरटीओत न्यायची असते, पुढचं २०२७ ला, तिथं काय उत्तर देणार?

पैशाचं विचाराल तर एकूण १८,२७० गेले, त्यातले ज्यांनी मूळ दुखणं गेलं ते १८०. टायरचे मला वाईट वाटत नाही, ते लागणारच होते. चाक आणि बॉसचे ३४०० वाटतात, ते खोक्यात घालून माळ्यावर ठेवलंय.

परवा रविवारी सकाळी परत चिकटपट्टी लावून मोजलं, १४ भरलं. मे मध्ये १२ होतं. मॅन्युअलच्या हिशोबानं काहीच नाही, पण हे दोन मिलिमीटर कुठनं आले ते मला बघायचंय, डावा टाय रॉड एन्ड असावा असा अंदाज आहे. शनिवारी सुट्टी आहे, चाचांना सकाळी नऊची वेळ मागितलीय.