पेटी आमच्या नावाची, आंबा भलतीकडचा

देवगड, राजापूर, रत्नागिरीकडच्या बागायतदारांनी हे सीझन सुरू व्हायच्या आधी वाचा. "तुमच्या बागेचा ब्रँड करून देतो" म्हणत कोणी आला तर त्याला आंबा विका हवा तर, पण तुमचं नाव छापलेले रिकामे खोके आणि स्टिकर त्याच्या ताब्यात देऊ नका.

आमच्याकडे आला तो मोहोर धरला तेव्हाच आला, वडलांना काका काका करत पडवीत बसून सगळं समजावून सांगितलंन की वाशीच्या घाऊक बाजारात माल टाकून दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) येईल ती घेण्यापेक्षा पुण्यात सोसायट्यांमध्ये थेट विकू, खोके मी छापतो, त्यावर बागेचं नाव, तुमचा फोन नंबर आणि क्यूआर कोड. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यात आमची वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे, ते सर्टिफिकेट आणि सातबारा कोड स्कॅन केला की दिसेल म्हणून दोन्हीची झेरॉक्स घेतलीन. नाव वापरायच्या परवानगीच्या पत्रावर वडलांची सही पण घेतलीन. पहिला माल उचलला त्याचे पैसे लगेच खात्यात, भाव वाशीपेक्षा चांगला.

एप्रिलमध्ये कर्नाटकचा माल जोरात उतरायला लागला आणि आम्हाला पुण्याहून फोन सुरू झाले. एक ताई तर अक्षरशः रडवेल्या झाल्या होत्या, आजारी सासऱ्यांसाठी मुद्दाम देवगडचा मागवला होता त्यांनी. फोटो बघितले तर साल जाड, वरून पिवळाधमक, कापल्यावर आत फिकट आणि कोयीजवळ पांढरट, वास नाही नि चवीला आंबट म्हणे. आमच्या फळात कधी साका (आतला गर पांढरट होण्याचा दोष) निघतो, तो बाहेरून कळत नाही, त्याचा आंबा आम्ही बदलून देतो. पण हा साका नव्हताच, हे फळच आमच्या बागेतलं नव्हतं. आम्ही चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झाल्याशिवाय काढत नाही, झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट उतरवतो, पिकायला पेंढ्यात अढी लावतो. हा कोवळा काढून कार्बाइडवर पिकवलेला असणार असं वडील बघताक्षणी म्हणाले. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, इथिलीन गॅस चालतो पण त्याला चेंबर लागतं, मग खर्च कोण करतो!

आणि स्कॅन केलं की येतो आमचा सातबारा. सगळ्या खोक्यांवर कोड एकच, त्यामुळे आमच्याकडून किती डझन गेला आणि आमच्या नावावर किती विकला गेला याचा कुठे मेळच नाही. प्रत्येक पेटीला, खरं तर प्रत्येक फळाला वेगळा नंबर हवा, नाहीतर तो कोड म्हणजे नुसती छपाई आहे.

सगळ्यात राग याचा येतो की पुढच्या मालाचे पैसे मागितले तर म्हणतो "तुमच्या आंब्याच्या तक्रारी आल्या, ती रक्कम वळती केली". म्हणजे कर्नाटकच्या आंब्याचा भुर्दंड आमच्या पैशातून! वडलांनी चाळीस वर्षं सांभाळलेलं नाव आहे हो ते.

तर खोके स्वतः छापा, जेवढा माल तेवढेच द्या, स्टिकर घरच्या माणसाने लावायचे. परवानगीच्या पत्रात किती डझन आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लिहिल्याशिवाय सही नको. घेणाऱ्यांनी पण खोक्यावरच्या नंबरला आधी फोन करा, कुठल्या तारखेला काढलाय विचारा, बिल मागा. रिकामा खोका भंगारात देताना फाडून द्या, तेच खोके परत भरले जातात. कार्बाइडचा संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे, बिल नि खोका जपून ठेवा.

आम्ही परवानगी रद्द केल्याचं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलंय, पोलिसांत अर्ज दिलाय. ज्यांना आमच्या नावाने असा आंबा मिळाला त्यांनी खोक्याचा आणि बिलाचा फोटो पाठवा, अर्जाला जोडायला लागणार आहेत.