यूएसबीवरून अखंड डेटा: साधा लूप की असिंक?

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एफएक्स२एलपी या यूएसबी चिपचा स्वस्तातला बोर्ड आणला होता. सेन्सरचा डेटा लिनक्स लॅपटॉपवर घ्यायचा, वेग सेकंदाला 8 एमबी. हाय-स्पीड यूएसबीला हे किरकोळ. यूएसबी उपकरणांशी बोलणारी लिबयूएसबी ही लायब्ररी वापरायची हे ठरलेलं. बल्क ट्रान्सफरचं (डेटा गठ्ठ्याने आणण्याचं) साधं फंक्शन लूपमध्ये फिरवायचं की असिंक, म्हणजे एकेका कॉलसाठी न थांबता अनेक मागण्या आधीच लावून ठेवणारं, लिहायचं, एवढाच घोळ होता.

लूप तासाभरात चालू झाला. असिंकने दोन शनिवार-रविवार खाल्ले.

पण लूपने एका गोष्टीत छळलं. सेन्सरच्या बाजूने दर 512 बाइटमागे चढता क्रमांक घातला होता. लॅपटॉप निवांत असला की सगळं सुरळीत. ब्राउझर उघडला की क्रमांक उडी मारायचा. एरर मात्र नाही! प्रत्येक कॉल 'यशस्वी', बफर पूर्ण भरलेला. झालं असं की, एक कॉल संपून दुसरा लागेपर्यंत कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) मागणीच नसते, त्यामुळे होस्ट, म्हणजे लॅपटॉप, डिव्हाइसला विचारतच नाही. चिपचा फिफो (डेटा तात्पुरता साठवायची जागा) 4 केबीचा. या वेगाला तो अर्ध्या मिलिसेकंदात भरतो, मग पुढचा डेटा सांडतो. नळ चालू ठेवून दुसरी बादली आणायला आत जावं, तसं. बफर मोठा केला, डिस्कवर लिहायला वेगळा थ्रेड दिला. उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. क्वचित एखादी चालत असेल तर कदाचित तुमचं इथेच भागेल.

असिंकमध्ये बादल्यांची रांगच लावून ठेवता येते. मी 64 केबीच्या 16 ट्रान्सफर, म्हणजे डेटाच्या मागण्या, लावल्या. म्हणजे साधारण 130 मिलिसेकंदांची उसंत. कॉलबॅकमध्ये (ट्रान्सफर पूर्ण झाली की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डेटा रिंग बफरात, म्हणजे गोल फिरून पुन्हा वापरल्या जाणाऱ्या बफरात, टाकायचा आणि ट्रान्सफर लगेच पुन्हा सबमिट करायची, बाकी काही करायचं नाही. रात्रभर चालवून पाहिलं, ब्राउझरसकट. क्रमांकाने एकदाही उडी मारली नाही. माझ्या एका लॅपटॉपवरचा अनुभव आहे, तेवढाच धरा.

त्रास बंद करताना होतो. प्रत्येक ट्रान्सफर रद्द करून तिचा शेवटचा कॉलबॅक येईपर्यंत थांबायचं, मगच मेमरी सोडायची. माझा प्रोग्राम आठवडाभर नेमका बाहेर पडताना कोसळत होता. शिवाय लिनक्समध्ये यूएसबीएफएसची (प्रोग्रामला यूएसबी उपकरणांपर्यंत पोचवणाऱ्या कर्नलच्या भागाची) ट्रान्सफरच्या मेमरीवरची मर्यादा मुळात एकूण 16 एमबी असते. हावरटपणा केला की मेमरी नसल्याची एरर येते.

डिव्हाइस विचारल्यावरच बोलणारं असेल, तर लूप पुरे. कुणासाठी न थांबणारं असेल, एडीसी (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारं) किंवा लॉजिक ॲनालायझरसारखं (डिजिटल सिग्नल टिपणारं), तर ते दोन शनिवार-रविवार आधीच काढून ठेवा. बोर्डाला सेटिंग पाठवायला मी अजूनही साधं फंक्शनच वापरतो.