मॉड ऑर्गनायझर २ मध्ये अनेक प्रोफाइलं सांभाळताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्कायरिम स्पेशल एडिशन या गेमसाठी मी बरेच महिने मॉड ऑर्गनायझर २ वापरतेय, म्हणजे मॉड (गेममध्ये भर घालणाऱ्या किंवा बदल करणाऱ्या फाइलींचे संच) सांभाळणारा प्रोग्रॅम. इन्स्टॉल केलेले मॉड काही शे आहेत आणि त्यांच्यातूनच निवडून वेगवेगळी प्रोफाइलं बांधली आहेत. रोज खेळायचं ते 'मुख्य', नवीन मॉड तपासायचं ते 'चाचणी', भूक-थंडी-थकवा यांच्यावर बेतलेलं 'सर्व्हायव्हल' आणि जवळजवळ कोरं असलेलं 'साधं'. हा अनुभव त्या चौघांना एकत्र नांदवण्याचा आहे. एकाच यादीवर खेळायचं असेल तर या प्रोग्रॅमबद्दल फार बोलण्यासारखं नाही, तो उत्तम चालतो. प्रोफाइलं वाढली की खरी परीक्षा सुरू होते.

माझं मत आधीच सांगते. प्रोफाइल म्हणजे फक्त यादी असते, मॉडच्या फाइली सगळ्या प्रोफाइलांच्या सामाईक असतात. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बहुतेक घोळ होतच नाहीत. नाहीतर 'चाचणी'त केलेला बदल 'मुख्य'मध्ये कसा आला, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

इन्स्टन्सच्या (म्हणजे मॉड ऑर्गनायझरच्या एका स्वतंत्र मांडणीच्या) फोल्डरमध्ये 'प्रोफाइल्स' नावाचा फोल्डर असतो, तो उघडून बघा. प्रत्येक प्रोफाइलचा एक उपफोल्डर आणि त्यात मोजक्या टेक्स्ट फाइली. 'मॉडलिस्ट' नावाच्या फाइलीत एका ओळीवर एक मॉड असतो. ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह असेल तर तो चालू, वजाचं असेल तर बंद. गंमत अशी की खिडकीत सगळ्यात खाली दिसणारा मॉड या फाइलीत सगळ्यात वर असतो, क्रम उलटा लिहिलेला असतो. 'प्लगिन्स' नावाच्या फाइलीत चालू प्लगइनांपुढे (म्हणजे गेममधल्या नोंदी बदलणाऱ्या मॉडच्या फाइलींपुढे) तारका असते. शिवाय तुम्ही सांगितलं असेल तर त्या प्रोफाइलच्या स्वतःच्या आयएनआय (गेमच्या सेटिंगच्या) फाइली आणि सेव्ह. प्रोफाइल म्हणजे एवढंच. टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं), मेश (वस्तूंचे त्रिमितीय आकार), स्क्रिप्ट, प्लगइन हे सगळं शेजारच्या 'मॉड्स' फोल्डरमध्ये, एकदाच.

म्हणूनच एक प्रोफाइल बदलून दुसरं घ्यायला क्षणभर पुरतो. गेमच्या डेटा फोल्डरमध्ये काहीच कॉपी होत नाही. गेम सुरू होताना आभासी फाइल सिस्टिम उभी राहते आणि गेमला वाटतं की सगळे मॉड डेटा फोल्डरमध्येच आहेत. व्होर्टेक्स या दुसऱ्या मॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही प्रोफाइलं आहेत, पण तिथे साधारणपणे हार्डलिंक (त्याच फाइलीला दुसऱ्या जागी दिलेलं नाव) करून फाइली खऱ्या डेटा फोल्डरमध्ये उतरवल्या जातात, त्यामुळे प्रोफाइल बदललं की ते उतरवणं पुन्हा करावं लागतं. व्होर्टेक्स वाईट नाही. नियम लिहून क्रम ठरवणं ज्यांना आवडतं त्यांना ते जास्त पटेल. मला क्रम डोळ्यांसमोर, हाताने ओढून लावलेला हवा असतो, म्हणून मी इथे रमले.

आभासी फोल्डरची एक अट मात्र आहे. एसकेएसई (गेमच्या स्क्रिप्टची क्षमता वाढवणारं), लूट (प्लगइनांचा क्रम लावणारं), एसएसईएडिट (प्लगइन तपासणारं आणि बदलणारं), डिनडोलॉड (दूरची दृश्यं तयार करणारं) हे सगळं मॉड ऑर्गनायझरच्या आतूनच चालवावं लागतं. बाहेरून उघडलं तर त्यांना मॉड दिसतच नाहीत. यादी मोठी असेल तर रन दाबल्यापासून गेमची खिडकी येईपर्यंत थोडं थांबावंही लागतं. मला त्याचा त्रास वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा, सामाईक फाइलींचा. सगळ्यात जास्त काळजी अपडेट करताना घ्यावी लागते. समजा 'चाचणी' प्रोफाइल चालू आहे आणि तुम्ही एखाद्या मॉडची नवी आवृत्ती इन्स्टॉल करता. प्रोग्रॅम विचारतो: मर्ज, रिप्लेस की रिनेम? रिप्लेस दाबलं की जुनी आवृत्ती सगळीकडून गेली, 'मुख्य'मधूनही. तिथला शंभर तासांचा सेव्ह नव्या आवृत्तीवर उघडायला तयार आहे का, याचा विचार त्या क्षणी कुणी करत नाही. म्हणून स्क्रिप्ट असलेला मॉड असेल तर मी नेहमी रिनेम निवडते आणि नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा लावते. जुना 'मुख्य'मध्ये चालू राहतो, नवा फक्त 'चाचणी'मध्ये. नवा पटला आणि 'मुख्य'मधला प्रवास संपला, की जुना काढायचा. डिस्कवर जागा जास्त लागते, पण स्क्रिप्टवाल्या मॉडांचा आकार टेक्स्चरच्या मानाने किरकोळ असतो. टेक्स्चर पॅक मात्र मी सरळ बदलते, त्यांचा सेव्हशी काही संबंध नसतो.

इन्स्टॉल करताना पर्याय विचारणाऱ्या मॉडांचंही तेच. 'सर्व्हायव्हल'ला एक पर्याय हवा आणि 'मुख्य'ला दुसरा, तर तोच मॉड दोन वेगळ्या नावांनी दोनदा इन्स्टॉल करायचा. कोणता पर्याय कुठे निवडला ते त्या मॉडच्या नोट्समध्ये लिहून ठेवायचं. नोट्सचा कॉलम डावीकडच्या यादीत दाखवता येतो, तो पहिल्याच दिवशी चालू करा.

'रिमूव्ह मॉड' हे तर डोळे उघडे ठेवून दाबायचं बटण आहे. फोल्डरच जातो, म्हणजे सगळ्या प्रोफाइलांतून जातो. एका प्रोफाइलला मॉड नको असेल तर टिक काढली की पुरे.

एसएसईएडिटमध्ये एखाद्या प्लगइनमध्ये केलेली दुरुस्तीही अशीच सगळीकडे पोचते. त्यामुळे एका प्रोफाइलपुरता बदल हवा असेल तर मूळ प्लगइनला हात न लावता मी स्वतंत्र पॅच (दुरुस्तीचं छोटं प्लगइन) बनवते आणि नावात प्रोफाइलचं नाव घालते. चुकून भलत्या ठिकाणी टिक पडली तर नावावरूनच कळतं.

ओव्हरराइट फोल्डरवर मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण हा विषय नीट समजावून सांगणारं फारसं वाचायला मिळत नाही. गेमने किंवा एखाद्या टूलने नवी फाइल तयार केली आणि ती कुठल्याच मॉडची नसली, की ती डावीकडच्या यादीत तळाशी असलेल्या ओव्हरराइटमध्ये पडते. आधीपासून एखाद्या मॉडमध्ये असलेली फाइल बदलली तर बदल त्या मॉडमध्येच लिहिला जातो. आणि ओव्हरराइटही सगळ्या प्रोफाइलांचा एकच आहे. 'मुख्य'साठी बॉडीस्लाइड (पात्रांच्या शरीराचे आणि कपड्यांचे मेश बनवणारं टूल) चालवलं आणि आउटपुट तिथेच राहू दिलं, तर 'साधं' प्रोफाइलमध्येही ते मेश दिसायला लागतात जे त्या प्रोफाइलमध्ये मुळी नकोच असतात. अॅनिमेशनच्या टूलांचीही तीच कथा. एमसीएम हेल्पर (मॉडांच्या गेममधल्या सेटिंग मेनूला मदत करणारा मॉड) वापरणाऱ्या मॉडांच्या सेटिंगच्या छोट्या फाइलीही इथेच जमतात, आणि मग 'सर्व्हायव्हल'मधला थंडीचा वेग 'मुख्य'मध्ये लागू होतो.

याचा उपाय प्रोग्रॅममध्येच आहे आणि तो मला फार आवडतो. एक्झिक्युटेबलच्या (प्रोग्रॅममधून चालवायच्या गेम किंवा टूलच्या नोंदीच्या) सेटिंगमध्ये 'नवीन फाइली ओव्हरराइटऐवजी या मॉडमध्ये तयार कर' असा पर्याय आहे. आणि कोणता मॉड, ही निवड प्रत्येक प्रोफाइलची वेगळी लक्षात ठेवली जाते. म्हणजे बॉडीस्लाइडचं एकच एक्झिक्युटेबल, पण 'मुख्य' चालू असताना आउटपुट 'बॉडीस्लाइड आउटपुट - मुख्य'मध्ये आणि 'सर्व्हायव्हल' चालू असताना 'बॉडीस्लाइड आउटपुट - सर्व्हायव्हल'मध्ये. फक्त टूलला स्वतःचा आउटपुट फोल्डर दिलेला नसावा. दिला असेल तर ते तिथेच लिहितं आणि मग आउटपुट मॉड म्हणून हाताने आणावं लागतं. एसकेएसईच्या एक्झिक्युटेबललाही मी हेच केलंय, त्यामुळे खेळताना तयार होणाऱ्या सेटिंगच्या नव्या फाइली आपापल्या प्रोफाइलच्या मॉडमध्ये जातात. ओव्हरराइट रिकामा राहतो. तिथे काही दिसलं की काहीतरी ठरल्याबाहेर घडलंय हे लगेच कळतं. मला विचाराल तर अनेक प्रोफाइलं ठेवणाऱ्याने बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच.

सेपरेटर. म्हणजे यादीत गट पाडणाऱ्या शीर्षकांच्या ओळी; यादी दोन-तीनशेच्या पुढे गेली की त्यांच्याशिवाय दिशा राहत नाही. सेपरेटर म्हणजे 'मॉड्स' फोल्डरमधला एक रिकामा फोल्डरच असतो, त्यामुळे तो सगळ्या प्रोफाइलांमध्ये दिसतो, पण त्याची जागा प्रत्येक प्रोफाइलमध्ये वेगळी असू शकते. यातून एक कंटाळवाणं काम उरतं. एका प्रोफाइलमध्ये मॉड इन्स्टॉल करून योग्य सेपरेटरखाली ठेवला, तरी दुसऱ्या प्रोफाइलमध्ये तो बंद अवस्थेत भलतीकडे दिसतो. तिथे पुन्हा ओढून ठेवावा लागतो. मी आठवड्यातून एकदा 'मुख्य' सोडून बाकीची प्रोफाइलं उघडते आणि सेपरेटरबाहेर पडलेले मॉड जागेवर लावते. मॉडवर उजवं क्लिक करून थेट सेपरेटरकडे पाठवता येतं, शेकडो ओळी ओढत न्यायची गरज नाही. नवं प्रोफाइल बनवताना मात्र कोऱ्यापासून सुरुवात करू नका. जे प्रोफाइल सगळ्यात नीट लावलेलं आहे त्याची कॉपी करा आणि नको ते बंद करा. क्रम जसाच्या तसा मिळतो.

सेपरेटरांची नावं विषयावर ठेवावीत की प्रोफाइलवर? मी दोन्ही करून पाहिलं. 'सर्व्हायव्हलसाठी' असा गठ्ठा केला की त्यातला हवामानाचा मॉड बाकी हवामानाच्या मॉडांपासून लांब पडतो आणि त्याचा प्राधान्यक्रम चुकतो. डावीकडच्या यादीत खालचा मॉड वरच्याच्या फाइली झाकतो, त्यामुळे जागा ठरवायची ती विषयावरच. पाया आणि दुरुस्त्या, इंटरफेस, मेश, टेक्स्चर, हवामान, शहरं, माणसं, लढाई, पॅच, आउटपुट, या क्रमाने माझे सेपरेटर आहेत. कोणता मॉड कुठल्या प्रोफाइलचा, हे नोट्समध्ये.

झाकाझाकी तपासायला विजेच्या चिन्हावरचं अधिक-वजा पुरतं. मॉड निवडला की तो ज्यांना झाकतो आणि जे त्याला झाकतात ते वेगळ्या रंगात उजळतात. नव्या वापरकर्त्यांचा इथे हमखास एक गोंधळ होतो: डावीकडचा क्रम फाइलींचा, उजवीकडचा क्रम प्लगइनांमधल्या नोंदींचा. टेक्स्चर चुकीचं दिसतंय तर डावीकडे बघा. एखाद्या पात्राचा पोशाख किंवा खोलीतला प्रकाश चुकीचा आहे तर बहुतेक वेळा उजवीकडे, आणि उत्तर एसएसईएडिटमध्येच मिळतं. लूटने लावलेला क्रम चांगली सुरुवात देतो, पण पॅचची गरज तो भागवत नाही.

प्लगइनांची मर्यादा प्रत्येक प्रोफाइलला वेगळी मोजली जाते, ही मोठी सोय. पूर्ण आकाराची चालू प्लगइनं २५४ च्या पुढे जात नाहीत, हलक्या ईएसएल प्रकारची ४०९६ पर्यंत चालतात. उजवीकडच्या आकड्यावर माउस नेला की कुठल्या प्रकारची किती, हे दिसतं. एकाच भल्यामोठ्या यादीत सगळं कोंबण्याऐवजी दोन वेगळे खेळ दोन प्रोफाइलांत विभागले की ही भिंत लवकर लागत नाही.

सेव्हबद्दल थोडक्यात. प्रोफाइलच्या खिडकीत प्रोफाइलपुरते सेव्ह आणि प्रोफाइलपुरत्या आयएनआय फाइली, दोन्हींवर टिक करा, पहिल्याच दिवशी. एकाचे सेव्ह दुसऱ्याने उघडले तर गहाळ प्लगइनांमुळे तो सेव्ह कायमचा बिघडू शकतो. एखादा सेव्ह मुद्दाम हलवायचा असेल तर त्याच खिडकीत ट्रान्सफरची सोय आहे, आणि सेव्हच्या टॅबमध्ये माउस नेल्यावर कोणती प्लगइनं गहाळ आहेत तेही कळतं.

प्रोफाइलमध्ये न मावणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खुद्द गेमची आवृत्ती. ११ नोव्हेंबर २०२१ च्या अॅनिव्हर्सरी अपडेटनंतर एसकेएसईवर चालणारे अनेक मॉड नव्याने बांधावे लागले, आणि डिसेंबर २०२३ च्या क्रिएशन्स अपडेटनेही बऱ्याच याद्या हलल्या. चारही प्रोफाइलं एकाच गेमवर उभी असतील तर अपडेटचा धक्का चौघांना एकदम बसतो. म्हणून मी गेमचा पूर्ण फोल्डर कॉपी करून पोर्टेबल इन्स्टन्सच्या (सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवणाऱ्या मांडणीच्या) आत ठेवला आणि मॉड ऑर्गनायझरला तोच दाखवला. स्टीमने बाहेरची प्रत कितीही बदलली तरी आतली हलत नाही. दोन वेगळ्या आवृत्त्यांवर खेळायचं असेल तर दोन प्रोफाइलं करून भागत नाही, दोन इन्स्टन्सच लागतात. एसकेएसईच्या एक्झिक्युटेबलसारख्या गेमच्या मुळाशी ठेवायच्या फाइलीही प्रोफाइलच्या कक्षेबाहेर राहतात. रूट बिल्डर हे प्लगइन घातलं तर त्याही मॉडसारख्या सांभाळता येतात.

बॅकअपसाठी दोन्ही यादींच्या वर छोटी बटणं आहेत, एक जपून ठेवायला आणि एक परत आणायला. मोठा बदल करण्याआधी मी ती दाबते आणि शिवाय 'प्रोफाइल्स' फोल्डरची तारखेसह कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवते. सेव्ह वगळले तर त्याचा आकार नगण्य आहे.

दोन प्रोफाइलांमध्ये नेमका फरक काय, हे बघायला मी दोन्ही 'मॉडलिस्ट' फाइली फरक दाखवणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये शेजारी-शेजारी उघडते. अधिकच्या जागी वजा, किंवा वरची ओळ खाली, एवढंच दिसतं, पण 'मुख्य' व्यवस्थित चालतंय आणि 'चाचणी' सुरू होतानाच बंद पडतंय अशा वेळी कारण बहुधा तेवढ्यातच सापडतं. हीच तुलना प्रोग्रॅमच्या खिडकीत, रंगांसकट आणि मॉडच्या नोट्ससकट मिळाली, तर या प्रोग्रॅमकडून मला आणखी काही मागायचं राहणार नाही.