हिरव्या डब्यात निघालं भलतंच सर्किट

मागच्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मी एका अनोळखी माणसाला बेस गिटारच्या फझ पेडलसाठी, म्हणजे आवाज जाड आणि खरखरीत करणाऱ्या पायाने दाबायच्या डब्यासाठी, २१,००० रुपये पाठवले. पेडल घरी आलं. डबा हिरवा, वरचं नाव बरोबर, पायाने दाबलं की आवाज बदलत होता. आतलं सर्किट मात्र दुसऱ्याच पेडलचं होतं आणि हे कळायला मला सात आठवडे लागले. खरं तर पहिल्याच संध्याकाळी माझ्या कानाला ते कळलं होतं. मी कानाचं ऐकलं नाही. जुनं पेडल शोधणाऱ्या आणखी कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमचा बँड तिघांचा. गिटार, ड्रम आणि बेसवर मी. गिटारवाला सोलो घ्यायला लागला की मागे एकदम पोकळी पडते आणि ती भरायची जबाबदारी बेसवर येते. त्यासाठी मला फझ हवा होता. पण बाजारातली बरीच पेडलं गिटारसाठी बनलेली असतात. बेसची सर्वांत जाड तार, खुली ई (म्हणजे बोट न दाबता वाजवलेली), ४१ हर्ट्झला वाजते. गिटारचं पेडल लावलं की वरचा खरखरीतपणा येतो आणि तळ, म्हणजे खालचा जड आवाज, निघून जातो. आमच्या गिटारवाल्याचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज थोडासा फाडणारं पेडल, मी एकदा लावून पाहिलं होतं. नाकातून बोलल्यासारखा आवाज, खाली काहीच नाही. मग बॉसचं पिवळं ओडीबी-३ काही महिने वापरलं. त्यात बॅलन्सचा नॉब आहे, मूळ स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज हवे तसे मिसळता येतात, त्यामुळे तळ टिकतो. चांगलं पेडल आहे, पण त्याची धार माझ्या कानाला टोचायची.

मला हवा होता तो रशियन बिग मफ नावाचा फझ. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही न्यूयॉर्कची कंपनी, माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये काढलेली. ती ऐंशीच्या दशकात बंद पडली. पुढे मॅथ्यूज यांनी रशियात काम सुरू केलं आणि नव्वदच्या दशकात सोव्हटेक या नावाखाली तिथे बिग मफ बनू लागले. त्यातला लष्करी हिरव्या रंगाचा, जाड पत्र्याचा मोठा डबा बेस वाजवणाऱ्यांनी उचलून धरला, कारण त्यात तळ शाबूत राहतो. म्यूझ या इंग्लिश रॉक बँडचे बेसिस्ट ख्रिस वोल्स्टनहोम यांच्यामुळे माझ्या पिढीच्या कितीतरी जणांना रशियन मफचं वेड लागलं. मी त्यातलीच एक. २०१७ मध्ये कंपनीने हा हिरवा मफ लहान डब्यात पुन्हा काढला. तो नवा, बिलासकट मिळतो. पण मला जुनाच हवा होता. हा हट्ट होता, आणि फसवणारा माणूस असा हट्ट दोन वाक्यांत ओळखतो.

जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात दिसली. चौकड्यांच्या चादरीवर ठेवलेला हिरवा मफ, डाव्या नॉबजवळ रंगाचा टवका उडालेला, कोपऱ्यावर लांब ओरखडा. पाच फोटो होते आणि पाचही बाहेरूनच काढलेले. फोन केला तर माणूस अगदी अदबीने बोलला. "ताई, मी स्वतः बेस वाजवतो. पुढच्या महिन्यात कॅनडाला चाललोय, म्हणून सगळं काढतोय. दुसऱ्या कुणाला २५ ला देईन, पण तुम्ही वाजवणाऱ्या आहात." मी व्हिडिओ मागितला. तासाभरात आला. खुली ई वाजतेय, पायाने स्विच दाबला जातोय, आणि आवाज भिंतीसारखा उभा राहतोय. मी तो व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर ऐकला. फोनचा एवढासा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवू शकत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तरी मी तेवढ्यावर खूश झाले. आणखी एक गोष्ट पुढे शांतपणे पाहिल्यावर लक्षात आली. त्या व्हिडिओत एकदाही कुणी नॉब फिरवत नाही. स्विच दिसतो, तीन नॉब दिसतात, पण हात त्यांच्याकडे जातच नाही. आवाज दुसरीकडचा आणून चित्रावर चिकटवला असेल तर नॉब फिरवणं परवडत नाही, कारण चित्र आणि आवाज जुळले पाहिजेत.

"मुंबईचा एक मुलगा संध्याकाळी येतोय," असं म्हणून त्याने ५,००० टोकन मागितलं. मी यूपीआयने पाठवलं. दुसऱ्या दिवशी कुरिअरची पावती दाखवून उरलेले १६,००० घेतले. खात्यावरचं नाव त्याच्या नावाशी जुळत नव्हतं. "मेहुण्याचं खातं आहे ताई, माझं बंद करतोय ना," म्हणाला. कॅनडाची गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे ते उत्तर मला पटलं.

पार्सल आलं तेव्हा हातात घेतल्यावर वजन छान लागलं. त्याच संध्याकाळी कोथरूडच्या जॅम रूममध्ये लावलं. पहिला स्वर वाजवला आणि आमचा गिटारवाला मान वर करून म्हणाला, "अगं, हे माझ्या ओव्हरड्राइव्हसारखंच वाटतंय." मलाही तसंच वाटलं होतं. पण मी म्हटलं, जुनं पेडल आहे, बॅटरी बदलायला हवी. बॅटरी बदलली. मग वाटलं तारा जुन्या झाल्यात. तारांचा नवा सेट घातला. मग वाटलं जॅम रूमचं अँप खराब आहे, मग वाटलं माझ्या बेसचा प्रीअँप बिघडलाय, मग वाटलं माझा उजवा हात हलका पडतोय. ऑक्टोबरभर मी रोज रात्री मेट्रोनोम लावून एकाच तारेवर जोर वाढवत बसले. इतकी वर्षं वाजवून कमावलेल्या कानावर मी शंका घेतली, पण त्या डब्यावर घेतली नाही. पैशांपेक्षा याचा राग मला आजही जास्त आहे.

शेवटी आमच्या ड्रमरने सांगितलं, उघडून तर बघ. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमागे एका जिन्याखाली एक काका बसतात. रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलंय त्यांचं. "काय वाजत नाही ह्याचं?" "वाजतं काका, पण जे यायला हवं ते येत नाही." त्यांनी तळाचे स्क्रू काढले. पत्रा उचलताच स्प्रे पेंटचा वास आला, जुन्या वस्तूला कधीच न येणारा. काकांनी आतल्या कडेवर नख ओढलं. हिरवा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली पांढरा दिसला. "हा रंग सहा महिन्यांचासुद्धा नाही, पोरी." तळाला डिंकाने चिकटवलेली एक लोखंडी पट्टी होती. तिला एकही तार जोडलेली नव्हती. नुसतं वजन भरण्यासाठी ठेवली होती.

मी फोनवर बिग मफचं सर्किट काढून दाखवलं. त्यात चार ट्रान्झिस्टर असतात. पहिला सिग्नल वाढवतो, मधले दोन डायोडांच्या साहाय्याने त्याची टोकं कापतात, आणि टोनच्या भागातून जाताना आवाज जेवढा पडतो तेवढा चौथा पुन्हा उचलतो. काका म्हणाले, "मग मोज. तूच मोज." मी मोजले. दोनच होते. त्यांच्यामध्ये आठ पायांची एक आयसी, म्हणजे चिप, तिच्यावर ४५५८ लिहिलेलं. काकांनी मल्टिमीटरची सुई एका रेझिस्टरवर टेकवली. त्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, लाल. "चार पॉइंट सात के. आणि हा शेजारचा कपॅसिटर, ४७३. म्हणजे पॉइंट झीरो फोर सेव्हन मायक्रोफॅरॅड." बिलाच्या मागे त्यांनी आकडे मांडले, कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ७२० हर्ट्झ. "ह्याच्या खाली जसजसं जाशील तसतशी ही आयसी वाढवणं सोडून देते. खालचा आवाज आला तसा पुढे जातो, फाटत नाही. वरचा तेवढा फाटतो."

तिथेच सगळा उलगडा झाला. हे ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलच्या धाटणीचं सर्किट होतं, आमच्या गिटारवाल्याकडे आहे त्याच जातीचं. गिटारसाठी ते फार गुणी आहे, कारण ते मधले स्वर पुढे काढतं आणि गिटार ड्रमच्या गोंधळातून वर येते. पण बेसच्या चार खुल्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. सर्वांत बारीक तार २४व्या फ्रेटवर दाबली तरी मूळ स्वर ३९२ च्या वर जात नाही. म्हणजे माझ्या बेसवरचा एकेक मूळ स्वर त्या ७२० च्या खाली होता. बिग मफ याच्या अगदी उलट वागतो. त्यात साधारण १,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मधेच, खड्डा असतो आणि खालचं-वरचं उठून येतं. एकाचे मधले स्वर फुगलेले, दुसऱ्याचे मधले स्वर बसलेले. दोन्हींतला फरक कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. गिटारवाल्याच्या तोंडून तो पहिल्या मिनिटाला बाहेर पडला होता. काकांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. स्क्रू परत लावताना एवढंच म्हणाले, "काम स्वच्छ केलंय मेल्याने. सोल्डरिंग चांगलं आहे. हे करून पोट भरलं असतं की त्याचं."

घरी येऊन मी जाहिरातीतले फोटो आणि हातातलं पेडल शेजारी ठेवलं. माझ्या डब्यावर नॉबजवळ टवका नव्हता, कोपऱ्यावर ओरखडा नव्हता. पार्सल उघडलं त्या दिवशी दोन मिनिटं ताडून पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

त्या माणसाला फोन केला. त्याने वाद घातला नाही. "ताई, मलाही कुणीतरी फसवलं असेल. पैसे परत देतो," म्हणाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर कोड पाठवला. "हा स्कॅन करा, २१,००० टाका, पिन टाका, की रक्कम तुमच्याकडे जमा होईल." मी इतकी हादरलेली होते की फोन उघडलासुद्धा. शेजारी बसलेल्या माझ्या ताईने हात धरला. "अगं, पैसे घ्यायला पिन कशाला लागेल?" यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. स्कॅन करून पिन टाकला असता तर आणखी २१,००० गेले असते. त्यानंतर तो नंबर कायमचा बंद झाला.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यात अर्जही दिला. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं, पण सात आठवड्यांत पैसे त्या खात्यातून कधीच पुढे गेले होते. लगेच फोन केला तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणून शंका आली की त्याच दिवशी, त्याच तासाला १९३० लावा. बॅटरी आणि तारा बदलण्यात माझ्यासारखे दिवस घालवू नका.

जुनं पेडल घ्यायचंच असेल तर तळाचा पत्रा उघडून आतला फोटो मागा, आणि त्यात तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी बोर्डाशेजारी ठेवायला सांगा. खरा विकणारा दहा मिनिटांत पाठवतो. खोटा "सील तुटेल" म्हणतो, "स्क्रूड्रायव्हर नाही" म्हणतो. हव्या त्या पेडलमध्ये ट्रान्झिस्टर किती, आयसी आहे का, एवढं आधी वाचून ठेवलं तर मोजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. व्हिडिओ कॉलवर खुली ई वाजवायला लावा आणि ती घुमत असताना टोनचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. फोनच्या स्पीकरवर नाही, हेडफोनवर ऐका. गिटारवर वाजवून दाखवत असेल तर मान्य करू नका, कारण गिटारवर दोन्ही सर्किटं छानच वाटतात. जाहिरातीतला फोटोच टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधून पाहा, परदेशातल्या जुन्या विक्रीचा निघू शकतो. आणि शक्य असेल तर स्वतःचा बेस घेऊन त्याच्या घरी जा, भले एसटीने सहा तास लागोत.

नंतर मी लहान डब्यातला नवा हिरवा मफ दुकानातून घेतला. दुकानात माझाच बेस लावून अर्धा तास वाजवला आणि बिल घेऊन बाहेर पडले. जॅम रूममध्ये पहिल्या स्वराला गिटारवाल्याने वाजवणं थांबवलं आणि नुसता हसला.

परवा रात्री त्याच साइटवर पुन्हा ते फोटो दिसले. तीच चौकड्यांची चादर, नॉबजवळचा तोच टवका, कोपऱ्यावरचा तोच ओरखडा. शहराचं नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत २४,०००. खाली लिहिलंय, "परदेशी जात असल्याने तातडीने विकणे." मी जाहिरात रिपोर्ट केली आहे, सकाळपर्यंत तरी ती तशीच होती.