दात मोजण्यासाठी डिजिटल व्हर्नियर कॅलिपर: टोके पाहूनच निवडावा
दातांच्या प्लास्टरच्या साच्यांवर रुंदी मोजण्यासाठी सर्वसाधारण डिजिटल व्हर्नियर कॅलिपर (दोन जबड्यांत वस्तू धरून तिचे माप घेणारे उपकरण) घ्यावा का, हे त्याच्या पडद्यावरून नव्हे, तर जबड्यांच्या (अर्थातच उपकरणाच्या, रुग्णाच्या नव्हे) टोकांवरून ठरवावे. पडद्यावर ०.०१ मिमीपर्यंतचे आकडे दिसतात. मात्र अशा उपकरणांची अचूकता सहसा ±०.०२ मिमी असते, त्यामुळे शेवटच्या अंकावर फार विसंबू नये. खरी अडचण दाटीवाटीने उगवलेल्या दातांत येते: जाड टोके दोन दातांच्या संपर्कबिंदूपर्यंत पोहोचत नाहीत, कॅलिपर तिरका धरावा लागतो आणि मोजमाप बिघडते. वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीचा मेळ बसतो का, हे पाहण्यासाठी दंततज्ज्ञ बोल्टन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात खालच्या १२ दातांच्या रुंदीची बेरीज वरच्या १२ दातांच्या बेरजेच्या सरासरी ९१.३ टक्के धरली जाते. प्रत्येक दातामागची बारीक चूक एकाच दिशेने साचत गेली, तर निष्कर्षच बदलू शकतो. म्हणूनच घासून निमुळती केलेली टोके मला अधिक पसंत पडली, जरी त्यांनी प्लास्टरवर ओरखडे उठतात आणि पुन्हा मोजताना तोच दात अंमळ अरुंद भरण्याची शक्यता राहते. शून्यावर आणण्याची कळ सोयीची आहे.