‘द विचर ३’ : तलवारीची अतिशयोक्ती पटते, आकड्यांची पटत नाही

पोलंडच्या सीडी प्रॉजेक्ट रेड या कंपनीचा ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ हा गेम मे २०१५ मध्ये आला आणि फँटसी रोल-प्लेइंग गेमचा (खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो, अशा गेमचा) विषय निघाला की आजही त्याचे नाव आधी घेतले जाते. या दुनियेत खेळणारा इतका रमतो कसा, आणि रमलेला असताना मध्येच भानावर का येतो, हे दोन्ही तपासून पाहण्यासारखे आहे.

नायक गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा व्यावसायिक आहे. तो गिरक्या घेत चौघांना लोळवतो, हाताच्या एका मुद्रेने आग फेकतो. ही अतिशयोक्तीच आहे, पण ती खटकत नाही, कारण तो चारचौघांसारखा नाही हे त्या दुनियेतल्या माणसांनाही ठाऊक असते. गावकरी त्याला पाहून शिव्या देतात आणि संकट आले की मोबदल्याची घासाघीस करायला त्याच्याचकडे येतात.

सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्ड भागातले विहिरीचे काम पाहावे. ओडोलन नावाच्या माणसाची मुलगी आजारी असते, तिला स्वच्छ पाणी हवे असते आणि ओसाड वस्तीतल्या विहिरीपाशी भर दुपारी एका स्त्रीचे भूत फिरत असते. (ऐन दुपारी विहिरीवर जाऊ नये, असे बजावणाऱ्या घरात वाढलेल्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही.) गेराल्ट आधी पडक्या घरातली डायरी वाचतो, विहिरीत उतरून त्या स्त्रीचे कंकण शोधतो, तिचे अवशेष जाळतो आणि मगच लढाई होते. त्या लढाईतही यर्डेन या मंत्राच्या वर्तुळात आल्यावरच तिला देह येतो व चांदीच्या तलवारीचा वार नीट लागतो. जादू आहे, पण तिला नियम आहेत, आणि ते नियम कथेतून आपोआप समजतात.

गेम घसरतो तो लेव्हलच्या, म्हणजे पात्राची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या, हिशेबात. ग्रिफिन हा महाकाय पंखवाला राक्षस मारून आलेल्या गेराल्टला पुढच्या वेलेन भागातल्या रस्त्यावरचा फाटक्या कपड्यांतला दरोडेखोर केवळ डोक्यावर लाल कवटीचे चिन्ह आहे, म्हणजे त्याची लेव्हल बरीच वरची आहे, म्हणून दोन-तीन फटक्यांत संपवतो. हाती आलेली उत्तम तलवार ठरावीक लेव्हल गाठेपर्यंत वापरता येत नाही, आणि याचे कोणतेही कारण त्या दुनियेत सापडत नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या घरातले पेटारे रिकामे केले तरी तो ब्र काढत नाही, हे मला त्याहूनही जास्त खुपते, कारण याच शेतकऱ्याच्या गरिबीवर गेमने आपल्याला मनापासून हळहळायला लावलेले असते. शीळ घालताच कुठूनही हजर होणारी रोच घोडी मात्र मी आनंदाने चालवून घेतो. तिच्यावाचून प्रवास रटाळ झाला असता.

नव्याने खेळणाऱ्यांनी काठिण्याच्या चार पातळ्यांपैकी तिसरी निवडावी. तिथे ध्यान केल्याने जखमा भरत नाहीत, त्यामुळे अन्न, औषधे आणि तलवारीला लावायची तेले यांना खरा अर्थ येतो. कोपऱ्यातला छोटा नकाशाही सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा, म्हणजे ठिपक्यांच्या मागे न धावता रस्त्यावरच्या पाट्या वाचत गाव शोधावे लागते.